‘नखरे करतो’ म्हणून आणलेला बंड्या: पोटाच्या तक्रारीचं एक प्रकरण

मांजरा खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा जनावरांचा दवाखाना आहे. निम्म्याहून जास्त काम म्हशी, गाई आणि शेळ्यांचं. कुत्री वाढली ती गेल्या आठ-दहा वर्षांत. हे प्रकरण लिहायला त्या घराची परवानगी आहे. नावं आणि ओळखू येतील असे तपशील बदलले आहेत. यातल्या काही चुका माझ्या स्वतःच्या आहेत, त्या मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

बंड्या साडेतीन वर्षांचा, पांढरा, झुपकेदार शेपटीचा. घरचे त्याला पॉमेरियन म्हणतात. आपल्याकडे गावोगावी ज्याला ‘पॉम’ म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो, बंड्याही तोच. तब्येत चांगली असताना वजन ९.२ किलो.

घरात पाच माणसं. सर जिल्हा परिषदेच्या शाळेवर, वहिनी घरी शिकवण्या घेतात, मुलगी कॉलेजात, मुलगा आठवीत. सरांची आई माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि एकादशीला कांदा-लसणाची टोपलीही झाकलेली असते. वरच्या मजल्यावर भाडेकरू जोडपं, त्यांच्याकडे रविवारी चिकन.

बंड्याचं रोजचं खाणं मी पहिल्या भेटीत विचारलं तेव्हा सर म्हणाले, “दूध-पोळी आणि पाकिटातलं खाणं.” एवढंच मी केसपेपरवर लिहिलं. पुढे चार महिन्यांनी कळलेली खरी यादी अशी: पहाटे आजीच्या चहाबरोबर ग्लुकोजची दोन बिस्किटं, सकाळी दूध-पोळी, दुपारी वहिनींच्या हातची वरणात कुस्करलेली भाकरी, मुलाच्या डब्यातलं उरलेलं काहीही, संध्याकाळी चिकनच्या चवीचे पाकिटातले दाणे, रात्री सरांच्या ताटातला शेवटचा घास, आणि रविवारी जिन्यावरून खाली येणारा रस्सा. पाच जणांचं घर आणि सहा-सात जणांचे हात.

तक्रार

डिसेंबरपासून शौच पातळ. दिवसाला पाच-सहा वेळा, थोडं थोडं, शेवटी शेंबडासारखा चिकट पदार्थ, कधी रक्ताची एखादी रेघ. पोटातली गुडगुड शेजारच्या खोलीत ऐकू यायची. “सकाळी उठला की पिवळं पाणी ओकायलाय, आन् मग गवत खायलाय,” हे आजीचं वर्णन. ते कुठल्याही अहवालात शोभलं असतं.

घरच्यांच्या लेखी मात्र मुख्य तक्रार वेगळीच होती. बंड्या खाण्यात नखरे करतो. ताटली ठेवली की येतो, वास घेतो, एकदा आपल्याकडे बघतो आणि जाऊन पलंगाखाली बसतो. नवीन काही दिलं तर दोन दिवस आवडीनं खातो, तिसऱ्या दिवशी त्यालाही तोंड लावत नाही. म्हणून घरच्यांनी मार्चअखेरपर्यंत सहा वेळा खाणं बदललं होतं. दही-भात झाला, मुगाची खिचडी झाली, तीन वेगवेगळी पाकिटं झाली, पनीरही झालं. वजन उतरून ७.८ किलोवर आलं होतं. दीड किलोनं काय होतं असं वाटेल, पण नऊ किलोच्या जिवाला दीड किलो म्हणजे सहावा हिस्सा.

‘दोन दिवस खातो, मग सोडतो’ हे वाक्य मी नखऱ्याच्या खात्यात टाकलं. तिथंच मी चुकलो. ज्या कुत्र्याला नुसतं चांगलंचुंगलं हवं असतं तो आवडीचं मिळेपर्यंत अडून बसतो, पण मिळालं की रोज खातो. पोटात मळमळ असणारा कुत्रा मात्र खाऊन त्रास झाला की त्या पदार्थाशी तो त्रास जोडतो आणि पुढच्या वेळी वासानंच मागे फिरतो. आपलंही तसंच असतं. बासुंदी खाऊन एकदा उलट्या झाल्या की दोन वर्षं बासुंदीचा वास सोसत नाही.

आधीच्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय झालं

डिसेंबरात मेट्रोनिडॅझोल या अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स दिला. शौच बांधून आलं. कोर्स संपल्यावर आठवड्याभरात परत पातळ. जानेवारीत पुन्हा तोच कोर्स, फेब्रुवारीत तिसऱ्यांदा. शौचाची तपासणी एकदाही केली नाही. दवाखान्यात सूक्ष्मदर्शक आहे, म्हशींच्या शेणाचे नमुने मी रोज बघतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र हात सरळ गोळ्यांच्या डब्याकडे गेला. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं, म्हणून मलाही वाटायचं की आपण बरोबर वाटेवर आहोत. हे औषध आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंचीही उलथापालथ करतं आणि ती घडी परत बसायला आठवडे लागतात. हे मला माहीत होतं. तरी दिलं.

दुसरी गोष्ट त्याहून साधी आणि त्याहून वाईट. गोळी कशी द्यायची असं वहिनींनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, “खाण्यात घालून द्या.” मेट्रोनिडॅझोल जहर कडू असतं. त्यांनी ते आधी पेढ्यात घातलं, मग सायीत, मग पाकिटातल्या दाण्यांत चुरून. बंड्यानं एकेक करून पेढा सोडला, साय सोडली, दाणे सोडले. त्याच्या दृष्टीनं त्या घरातलं कुठलंच ताट भरवशाचं राहिलं नव्हतं. घरचे ज्याला नखरे म्हणत होते, त्यातला बराच भाग मीच शिकवला होता.

तपासण्या

मार्चअखेरीस वजनकाटा बघून मी थांबलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

एक दिवसाआड असे तीन दिवसांचे ताजे नमुने मागवले, कारण जिआर्डिया या आतड्यातल्या एकपेशी परजीवीचे कोष रोजच्या रोज पडत नाहीत. एका नमुन्यात काही दिसलं नाही म्हणजे नाहीच असं म्हणता येत नाही. पहिला नमुना स्वच्छ. दुसऱ्यात कोष दिसले, तिसऱ्यात कोष आणि अंकुशकृमीची थोडी अंडी. फेनबेंडॅझोल हे कृमीनाशक, किलोमागे ५० मिलिग्रॅम, रोज एकदा, पाच दिवस. शेवटच्या दिवशी अंघोळ आणि फरशी-अंथरूण गरम पाण्यानं धुणं, कारण कोष केसांना चिकटून राहतात आणि कुत्रा चाटून पुन्हा पोटात घेतो.

रक्त जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवलं. यकृत, मूत्रपिंड ठीक, गोचीड तापाचे जंतू दिसले नाहीत. मला सगळ्यात जास्त धाकधूक अल्ब्युमिनची, म्हणजे रक्तातल्या मुख्य प्रथिनाची होती. जुनाट जुलाबात ते खाली गेलं असेल तर प्रथिनं आतड्यातून गळताहेत असा अर्थ होतो आणि मग घरगुती प्रयोगांत वेळ घालवता येत नाही. ते नेहमीच्या मर्यादेत होतं. त्यामुळे खाण्याचा प्रयोग करायला तीन आठवड्यांची मोकळीक मिळाली.

कृमीनाशकानं फरक पडला, पण अर्धाच. रक्ताची रेघ गेली, फेऱ्या सहावरून चारवर आल्या. चिकटपणा, गुडगुड आणि पहाटेची उलटी तशीच राहिली.

कुठले पर्याय समोर होते

सर वहीच घेऊन बसले होते. आम्ही एकेक पर्याय बोलून बघितला.

उकडलेलं चिकन आणि भात हा सगळीकडे सांगितला जाणारा उपाय. एरवी एक-दोन दिवसांच्या जुलाबाला तो चांगलाच आहे. पण बंड्याच्या तिन्ही पाकिटांत चिकन होतं, रविवारच्या रश्श्यात चिकन होतं. कुत्र्यांना खाण्यातून ज्या प्रथिनांचा त्रास होतो त्यांत बीफ, दूध, चिकन आणि गहू हे पुढे असतात. यातली तीन तो रोज खात होता. ज्याच्यावर संशय त्यालाच औषध म्हणून देणं पटेना.

दही-भात, खिचडी घरच्यांना सोयीची. पण दही म्हणजे दूधच, आणि खिचडी-भातावर महिनोन्महिने कुत्रा ठेवला तर प्रथिनं अपुरी पडतात.

तिसरा पर्याय प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनवलेलं, डॉक्टरच्या सल्ल्यानं घ्यायचं खास खाणं. तुकडे इतके लहान असतात की शरीर त्यांना ओळखून बिथरत नाही. शास्त्राच्या दृष्टीनं सगळ्यात सरळ मार्ग, घरात काही शिजवायला नको, माळेचाही प्रश्न नाही. महिन्याचा खर्च पाच हजारांच्या वर जात होता, तरी सर तयार झाले. पाकीट मागवलं. बंड्यानं वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला आणि पलंगाखाली गेला. तीन दिवसांत सगळे मिळून वीस-पंचवीस दाणे खाल्ले असतील.

माझा तो निर्णय चुकला असं आज वाटतं. पाकीट चुकीचं नव्हतं, वेळ चुकीची होती. पोटात मळमळ चालू असताना मी नवीन खाणं पुढे केलं, त्यामुळे ते त्याला खरोखर आवडलं नाही की मळमळीमुळे नकोसं झालं, हे कधीच कळणार नव्हतं. चांगला पर्याय वाया गेला आणि अठराशे रुपयांचं पाकीटही.

चौथा पर्याय, त्यानं आजवर न खाल्लेलं एक प्रथिन आणि एक पिष्टमय पदार्थ, घरी शिजवून. बोकडाचं मटण आमच्या बाजारात आठशे रुपये किलो, आणि त्याचा रस्साही त्यानं वरच्या मजल्यावरचा चाखलेला. मासा मात्र कधीच नाही. धरणावरून येणारी चिलापी दीडशेच्या आत मिळत होती, तिला काटे कमी आणि चरबीही कमी. सोबत बटाटा. मासा आणि बटाटा ही जोडी अशा प्रयोगासाठी जगभर वापरतात.

पाचवा, स्टेरॉइड. तो मी मागे ठेवला. खाण्यानं बरं होणारं आतडं स्टेरॉइडनंही काही दिवस शांत होतं आणि मग मूळ कारण कधीच सापडत नाही. तीन आठवड्यांत फरक पडला नाही किंवा वजन अजून उतरलं तर परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेऊन पोटाची सोनोग्राफी, हेही तेव्हाच ठरवून वहीत लिहिलं. अशा गोष्टी आधी लिहून ठेवलेल्या बऱ्या. नाहीतर ‘अजून आठवडा बघू’ करत दोन महिने जातात.

मासा ठरला. राहिला प्रश्न घराचा.

परसातली चूल

सर आईसमोर विषय काढायला तयार नव्हते. मला म्हणाले, “तुम्हीच या घरी.” मी गेलो, कसंबसं सांगितलं. आजी भाजी निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “त्येच्या गळ्यात कुठं माळ हाय? त्येचं त्येला खाऊ द्या. माझ्या चुलीवर नको, आन् माझ्या भांड्यात नको.”

परसात जांभळीखाली तीन विटांची चूल मांडली. एक जुनं जर्मनचं भगुणं, एक उलथनं, एक ताटली, सगळ्यांवर लाल ऑइलपेंटचा ठिपका. धुणं बाहेरच्या नळावर.

मी प्रयोगाचा नियम समजावून सांगत होतो की तीन आठवडे या दोन पदार्थांशिवाय काही म्हणजे काहीच नाही, बिस्किटाचा तुकडाही नाही. मुलगा विचारत होता, एक दाणा चालेल का, पोळीचा पापुद्रा चालेल का. तेव्हा आजीच म्हणाल्या, “हा उपासच की रे. उपासाला साबुदाणा चालतो, गहू चालत नाही. थोडा गहू चालतो का?” मी गेली पंधरा वर्षं लोकांना हा प्रयोग समजावतोय, इतक्या थोडक्यात कधी जमलं नव्हतं. त्यानंतर बंड्याच्या उपासाचं खातं आजींकडे गेलं. अशा घरांत म्हातारी माणसं चोरून खाऊ घालतात असा माझा ठाम समज होता. इथं पहाटेची बिस्किटं सगळ्यात आधी त्यांनीच बंद केली, आणि जिन्यात उभं राहून भाडेकरूंनाही त्यांनीच सांगितलं. मी एक कारण जोडलं: रश्श्यातला कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, आणि शिजलेलं हाड चावताना चिरफळतं. ते जोडपं बिचारं घाबरून गेलं.

या वेळी आधी मळमळ आवरली. मॅरोपिटंटची इंजेक्शनं, किलोमागे १ मिलिग्रॅम, रोज एक. दोन दिवस मासा त्याच्या नजरेलाही पडू दिला नाही, नुसता उकडलेला बटाटा आणि पाणी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वतःहून ताटलीपाशी जाऊन बसला. तिसऱ्या दिवशी सकाळी पहिला मासा. इंजेक्शनं एकूण पाच दिवस चालली.

काटे काढायचं काम सरांनी घेतलं. जन्मात मासा हातात न घेतलेला माणूस, नाकाला उपरणं बांधून, वाफवलेली चिलापी परातीत घेऊन बसायचा. पहिल्या दिवशी एका माशाला पाऊण तास लागला. चष्म्यातून बघून काटे सापडत नाहीत, बोटांनाच लागतात. मांस चिमटीत धरून हलकं चोळलं की काटा टोचतो. आठवड्याभरात सर बोलता बोलता काटे काढायला लागले. भिंतीवर दोन मांजरं रोजच्या हजेरीला यायची, डोकं आणि कातडी त्यांची.

प्रमाण असं धरलं. नऊ किलोच्या, घरात वावरणाऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण साडेपाचशे कॅलरी. त्यासाठी काटे काढलेला शिजवलेला मासा २०० ग्रॅम, साल काढून उकडलेला बटाटा ३०० ग्रॅम, वरून एक चमचा करडईचं तेल. मीठ, हळद, फोडणी काही नाही. हिरवट किंवा कोंब आलेला बटाटा वापरायचा नाही. अख्ख्या माशातून मांस निम्म्याहून कमी निघतं, त्यामुळे महिन्याचा खर्च अडीच हजारांच्या आसपास गेला.

वेळा तीन: सकाळी सात, दुपारी दोन, रात्री दहा. रात्री दहाचं खाणं मुद्दाम, कारण पहाटेची पिवळी उलटी रिकाम्या पोटातल्या पित्ताची होती. ती चौथ्या दिवशी थांबली, मला वाटतं औषधापेक्षा याच बदलानं. मे महिन्यात पारा बेचाळिशीवर गेला तेव्हा दुपारचं खाणं दिवेलागणीला ढकललं. एवढ्या केसाळ कुत्र्याला भर दुपारी भूक लागतच नाही. ताटली वीस मिनिटं ठेवायची, खाल्लं नाही तर काही न बोलता उचलायची. लाडीगोडी नाही, हातानं भरवणं नाही, ओरडणं नाही. पण एवढ्या लहान आणि खंगलेल्या जिवाला चोवीस तासांहून जास्त उपाशी ठेवायचं नाही, तसं झालं तर मला फोन. फोन आला नाही. खाणं शरीराइतपत कोमट करून द्यायचं, त्यानं वास उठतो. आणि गोळी कुठलीही असो, खाण्यात घालायची नाही. खाण्यानंतर तासाभरानं, दुसऱ्या खोलीत, सरळ जिभेच्या मुळाशी.

मासा बाजाराच्या दोन दिवशीच मिळायचा. आणल्या आणल्या वाफवून, काटे काढून, डब्यांत भरून बर्फाच्या कप्प्यात. फ्रीज घरातला नाही, तोही प्रश्न होताच. भाडेकरूंनी त्यांच्या फ्रीजमधला कप्पा दिला. दिवे जाऊन डबा पाणी पाणी झाला तर टाकून द्यायचा असं ठरलं होतं, मेमध्ये दोनदा टाकावा लागला.

नोंद कालनिर्णयच्या मागच्या पानांवर. शौचाची प्रत मोजायला १ ते ७ अशी एक पट्टी असते. १ म्हणजे खडा, २-३ उत्तम, ७ म्हणजे पाणी. मुलानं आकड्यांऐवजी शेंगोळा, शिरा, पिठलं, सार अशी नावं दिली. आठवड्याभरात आजींनी त्याच्यावर बंदी आणली, कारण घरात कुणी पिठलं खाईना.

पाचव्या दिवशी पट्टीवर ४. आठव्या दिवशी ३, फेऱ्या दोन. खाण्यामुळे बिघडलेल्या पोटात बहुतेक वेळा दोन आठवड्यांत फरक दिसतो, तसा तो दिसला. चौदाव्या दिवशी दवाखान्यात वजन ८.३.

सोळावा दिवस

सोळाव्या दिवशी पट्टीवर ६, चिकटपणा परत आणि दोन उलट्या. सरांचा फोन आला तेव्हा मागून मुलाच्या रडण्याचा आवाज येत होता. सगळ्यांची झडती झाली होती. मुलावर संशय, भाडेकरूंवर संशय; शेवटी कुणीतरी आजींकडेही बघितलं, आणि त्या जेवल्या नव्हत्या.

मी घरी गेलो, कालनिर्णयची पानं चाळली. काहीच सापडेना. परत येऊन माझं स्वतःचं रजिस्टर काढलं. चौदाव्या दिवशी, वजन करताना, कानामागे दोन गोचिड्या दिसल्या म्हणून मी गोचिडीची चघळायची गोळी दिली होती. कुत्र्यांनी आवडीनं खावी म्हणून ती मांसाच्या चवीची करतात. बंड्यानं ती माझ्या हातातून पेढ्यासारखी खाल्ली होती, आणि मी कौतुकानं सरांना म्हणालो होतो, “बघा, कुठं नखरे करतोय?”

गोळीतल्या चवीमुळे बिघडलं की औषधामुळेच, हे सांगता येत नाही. या औषधांनी काही कुत्र्यांना एक-दोन दिवस उलट्या-जुलाब होतात. पण नियम मोडला होता तो मी. त्याच संध्याकाळी जाऊन आजींना सांगितलं. “ठीक हाय लेकरा,” म्हणाल्या, “तुमचाबी उपास मोडला म्हणायचा.” काही न बदलता तेच खाणं चालू ठेवलं, चौथ्या दिवशी पट्टी परत ३ वर. गोचिडीसाठी त्यानंतर मानेवर टाकायचं औषध. प्रयोगाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले.

एकेक पदार्थ परत

बरं वाटतंय तर कशाला छेडायचं, असं सर म्हणाले. वहिनींचं म्हणणं वेगळं: जन्मभर मासा कुठून आणायचा? त्यांचं बरोबर होतं. आमच्याकडे धरणाचा भरवसा नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तसं वर्ष परत आलं तर चिलापी कुठली. आणि काय चालतं हे कळल्याशिवाय काय टाळायचं हेही कळत नाही.

मृग लागल्यावर सुरुवात केली. मूळ खाणं तेच, त्यात एक नवीन पदार्थ थोडासा, आठवडाभर. बिघडलं की लगेच बंद, पोट स्थिर झालं की पुढचा. उकडलेलं चिकन भाडेकरूंच्या चुलीवरून आलं: दुसऱ्या दिवशी चिकट शौच आणि गुडगुड. दूध: तिसऱ्या दिवशी पट्टी ५. गव्हाची पोळी: काही नाही. मला गव्हावर बराच संशय होता, तो खोटा निघाला. ज्वारीची भाकरी: काही नाही. अंडं, परसातल्या चुलीवर उकडून: काही नाही.

आषाढी एकादशी मध्येच आली. त्या दिवशी परसातली चूल पेटू नये अशी आजींची इच्छा होती, सरांनी मला चाचरत विचारलं. एक दिवस नुसत्या बटाट्यावर काढला तर काही बिघडत नाही, मी हो म्हणालो. कालनिर्णयवर त्या दिवसापुढे आजींच्या अक्षरात ‘सगळ्यांचा उपास’ असं लिहिलेलं आहे.

आता काय चाललंय

आता बंड्या आठवड्यातले चार दिवस मासा, तीन दिवस अंडी खातो; सोबत बटाटा किंवा कुस्करलेली भाकरी. मासा-बटाटा तीन-चार आठवड्यांच्या प्रयोगाला ठीक आहे, कायमचं खाणं म्हणून अपुरं. त्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. अंड्याचं टरफल भाजून, वस्त्रगाळ करून रोज पाव चमच्यापेक्षा जरासं जास्त दिलं की त्याच्या वजनाला कॅल्शियम पुरतं, पण जस्त, तांबं, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व त्यातून येत नाही. म्हणून कुत्र्यांसाठीचं खनिज-जीवनसत्त्वाचं बिनचवीचं चूर्णही चालू आहे. घरचं शिजवलेलं म्हणजे आपोआप सकस, हा समज मला रोज खोडावा लागतो.

गणपतीत वजन ९ किलो. शौच दिवसाला दोनदा. पहाटेची उलटी महिन्यातून एखादी, तीही रात्री दहाचं खाणं चुकलं तर. नखरे? सर खिशातून गोळ्यांची पट्टी काढतात तेव्हा तिच्या कुरकुर आवाजानं अजूनही पलंगाखाली जातो, अगदी त्यांच्या स्वतःच्या बीपीच्या गोळीलाही.

काय वेगळं करता आलं असतं

शौचाची तपासणी डिसेंबरात व्हायला हवी होती. शंभर-दीडशे रुपयांचं आणि वीस मिनिटांचं काम होतं ते; तीन अँटिबायोटिक कोर्स आणि दीड किलो वजन वाचलं असतं.

जीवनसत्त्व बी-१२ मी तपासलं नाही. जुनाट पोटदुखण्यात ते कमी होतं आणि कमी झालं की भूकच मरते. बंड्या सुधारला म्हणून निभावलं, पण सोळाव्या दिवशी तो परत खाईनासा झाला असता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. नमुना मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो, एवढ्या कारणावर मी ते टाळलं होतं.

खास खाण्याचं पाकीट मळमळ आवरल्यानंतर पुन्हा एकदा द्यायला हवं होतं का? कदाचित. ते चाललं असतं तर परसातली चूल, काटे, भाडेकरूंचा फ्रीज, सगळंच वाचलं असतं. पण तोपर्यंत घराचं मन त्या पाकिटावरून उडालं होतं, आणि बंड्याचंही. वहिनी अजून मला ते कपाटातलं पाकीट दाखवतात. मी म्हणालो, दवाखान्यात आणून द्या, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. त्या म्हणाल्या, “राहू द्या डॉक्टर, धरण आटलं तर लागंल.” त्यावरची मुदत मार्चपर्यंतची आहे.